रद्दीच्या ढिगातलं ‘औरंगाबाद (दकन)’

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण रविवारच्या आत वाचा. का ते शेवटी येईलच.

आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली, हे गावातल्यांना माहीत आहे. रंग झाला, पंखे लागले, दारावरची पाटीही आली, सध्या ती कापडाखाली झाकलेली आहे. उद्घाटनाची तारीख ठरायची आहे, कारण पाहुण्यांची तारीख मिळायची आहे. गावाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि मला कुणाची बेअब्रू करायची नाही. कमिटीतली माणसं माझ्या ओळखीची आहेत. बिचाऱ्यांनी दहा-दहा वर्षं खेटे घालून ही इमारत मिळवली आहे.

मागच्या आठवड्यात बातमीसाठी जुन्या जागेत गेलो. माळवदी वाड्याच्या त्या दोन खोल्या, जिथे मी शाळेत असताना ‘चांदोबा’ वाचायला जायचो. तिथे पुस्तकांचे तीन ढीग घातलेले. एक नव्या इमारतीत न्यायचा, एक बाइंडिंगला द्यायचा आणि तिसरा रद्दीचा. तिसऱ्या ढिगात दोन कपाटं भरून उर्दू पुस्तकं, वर सुतळीने बांधलेली चार-पाच रजिस्टरं. त्यातली दोन मोडीत.

‘‘आता हे वाचतंय कोण?’’ कमिटीतले एक जण म्हणाले. प्रश्न खोटा नाही. नवीन हॉलमध्ये एमपीएससीच्या पोरांना टेबलं पाहिजेत, जागा मोजकी, आणि उर्दू पुस्तकं गेल्या वीस वर्षांत कुणी मागितल्याची नोंद नाही.

मी एक पुस्तक उचललं. मला उर्दू येत नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना शहरात दोन वर्षं काढली, शहागंजातल्या उर्दू पाट्या रोज बघितल्या, पण शिकलो काही नाही, ही आमच्या पिढीची गंमत. ते पुस्तक घेऊन उर्दू शाळेतल्या निवृत्त मास्तरसाबांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि एकदम शांत झाले. मग म्हणाले, ‘‘बेटा, ये तो अपने इधर का है.’’ तो ‘उर्दू’ नावाच्या तिमाहीचा अंक होता. प्रकाशक अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू. गाव औरंगाबाद, कंसात दकन.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याला शाळेत कुणी सांगितला नाही.

अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ही संस्था १९०३ सालची. उर्दूत ज्ञानविज्ञानाची पुस्तकं यावीत, कोश व्हावेत, जुन्या पोथ्या छापल्या जाव्यात यासाठी ती निघाली. १९१२ साली तिचे सचिव झाले मौलवी अब्दुल हक. हे मूळ उत्तरेतल्या हापूडचे, अलीगढला शिकलेले आणि निजामाच्या शिक्षण खात्यात नोकरीला. नोकरीमुळे मुक्काम औरंगाबादेत, म्हणून संस्थेचं दप्तरही औरंगाबादेत आलं. सगळ्या हिंदुस्थानातल्या उर्दूचं मुख्य कार्यालय दिल्लीत नाही, लखनौत नाही, आपल्या शहरात होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही, वीसेक वर्षं! १९२१ पासून ‘उर्दू’ हे तिमाही इथूनच निघू लागलं. पुढे १९२८ साली ‘सायन्स’ नावाचं नियतकालिकही सुरू झालं. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता. आज ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ज्यांचं नाव भारत-पाकिस्तान दोन्हीकडे घेतलं जातं, ते अब्दुल हक इथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य होते.

मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते एका गोष्टीचं. या माणसाने मराठी भाषेवर फारसीचा परिणाम काय झाला, यावर उर्दूत एक पुस्तक लिहिलं आहे. म्हणजे उर्दूचा हा बाप माणूस औरंगाबादेत बसून आपल्या मराठीकडे कान देऊन ऐकत होता. आपण ‘फिर्याद’, ‘दप्तर’, ‘जमीन’, ‘हुकूम’, ‘वसुली’ म्हणतो, यात त्याला अभ्यासाचा विषय दिसला.

पुढे १९३० नंतरच्या दशकात अंजुमन दिल्लीला गेली. १९४७ च्या दंगलीत तिथल्या कार्यालयाची लूट झाली. अब्दुल हक कराचीला गेले आणि १९६१ साली तिथेच वारले. त्यामुळे औरंगाबादेत छापलेलं जे काही मराठवाड्यातल्या लहानसहान वाचनालयांत कपाटांच्या तळाशी पडून आहे, त्याला काही एक मोल आहे. किती, ते जाणकार सांगतील. पण रद्दीच्या भावापेक्षा जास्त, एवढं मीही सांगू शकतो.

आता कुणी म्हणेल, उर्दू ही निजामाच्या दरबाराची भाषा, तिच्याशी आपलं काय देणंघेणं? हा मुद्दा टाळून पुढे जाणार नाही. माझ्या आजोबांच्या पिढीला शाळेत उर्दू सक्तीने शिकावी लागली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, ते उर्दू माध्यमाचं. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा आणि शिक्षण उर्दूतून. मराठी शाळा काढायची तर खासगी, आणि तीही परवानगीच्या फेऱ्यांतून. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी या शाळा त्या काळातल्या, लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या.

वाचनालयांचंही तसंच. निजाम संस्थानात जाहीर सभेला परवानगी लागायची. ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं परिपत्रकच होतं. सभा नको, मिरवणूक नको, बाहेरची कित्येक वर्तमानपत्रं बंद. मग चार माणसांनी एकत्र बसायचं कुठे? वाचनालयात. तिथे पेपर मोठ्याने वाचला जायचा, ज्याला वाचता येत नाही तो ऐकायचा. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. त्याच वर्षी हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय निघालं. त्यामागे जे लोक होते, त्यांतले कोमर्राजू लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले, चांगलं मराठी येणारे, मराठीत लेख लिहिणारे! १९२२ साली हैदराबादेतच मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं. एका राज्यात तीन भाषांची माणसं एकाच पद्धतीने भाषा जगवत होती, ती म्हणजे एक खोली भाड्याने घ्यायची, वर्गणी काढायची, पेपर मागवायचा.

गंमत बघा. ज्या इंटरमिजिएट कॉलेजचे अब्दुल हक प्राचार्य होते, त्याच कॉलेजच्या वसतिगृहातून १९३८ साली ‘वंदे मातरम्’ सत्याग्रह सुरू झाला. पोरांना काढून टाकलं, लोण हैदराबादच्या उस्मानियापर्यंत गेलं, आणि काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. म्हणजे आपल्या शहरात एकाच आवारात उर्दूचं सोनं होतं आणि उर्दूच्या सक्तीविरुद्धचा रागही. दोन्ही आपलंच. इतिहास म्हणजे भाजी मंडई नाही, की निवडून घेतलं आणि बाकीचं गाड्यावर ठेवून दिलं.

आणखी मागे जायचं तर पाणचक्कीत जा. आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, हौदातले मासे बघतो, चक्की बघतो आणि फोटो काढून परत येतो. ती जागा बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहची. हे आले कुठून, तर बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानकडून, आजच्या उझबेकिस्तानातून. मातीच्या नळातून कित्येक किलोमीटरवरून पाणी आणलं, ते उंचावरून पाडलं, त्यावर चक्की फिरवली, आणि त्या पिठाची भाकरी फकिरांना, वाटसरूंना आणि मदरशातल्या विद्यार्थ्यांना. त्याच आवारात ग्रंथालय. आजही तिथे जुन्या ग्रंथांचा संग्रह आहे. विद्यार्थ्याची भाकरी आणि पुस्तक एकाच पाण्यावर चालवणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

त्या खानकाहच्या आठवणींचा एक फारसी ग्रंथ आहे, ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’. सायमन डिग्बी नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्याचा अनुवाद केला, तो २००१ साली छापून आला. औरंगजेबाच्या काळातलं दख्खन कसं होतं, शिपाई काय करत होते, फकिरांकडे कोण कोण यायचं, हे त्यात आहे. बादशहाचं नाही, साध्या माणसांचं. कुणीतरी ती पोथी जपली, म्हणून तीनशे वर्षांनी परक्या देशातल्या माणसाला ती वाचता आली.

आणि नागसेनवन? त्याच्याशिवाय या शहरातल्या पुस्तकांची गोष्ट सांगताच येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून परत निघाले, तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट महायुद्धात पाणबुडीने बुडवली. एवढ्या हालअपेष्टांनी जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. या माणसाने मग दादरला ‘राजगृह’ बांधलं, तेव्हा राहायची जागा खाली आणि वर पुस्तकं, असा हिशेब केला. तिथे पन्नास हजारांवर ग्रंथ होते असं सांगतात. लोक घर बांधतात आणि मग कोपऱ्यात पुस्तकांना फळी ठोकतात. इथे पुस्तकांसाठी घर बांधलं आणि माणसं त्यात राहिली.

त्याच माणसाने मराठवाड्यात १९५० साली कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच आपलं मिलिंद महाविद्यालय. तिथल्या ग्रंथालयात बसून शिकलेल्या पोरांनी पुढे मराठी साहित्याचा तोंडवळा बदलला. गंगाधर पानतावणे तिथले प्राध्यापक, ‘अस्मितादर्श’ त्यांचंच. ज्यांच्या आई-बापांना पुस्तकाला हात लावायची मुभा नव्हती, त्यांची ही मुलं. आमच्या गावातूनही त्या काळी दोघं-तिघं मिलिंदला गेले. सुट्टीत आले की याच माळवदी खोल्यांत बसायचे, असं जुनी माणसं सांगतात.

आता कायद्याचं थोडक्यात. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. दुसऱ्याच वर्षी आपण त्या राज्यातून निघून मुंबई राज्यात आलो. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्याआधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता, हे कोल्हापूरकर तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळी पट्टी होती, आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे आपली वाचनालयं संस्थेने चालवायची, सरकारने अ-ब-क-ड वर्ग बघून अनुदान द्यायचं, अशी पद्धत पडली. अनुदान किती आणि कधी येतं यावर मी वेगळी पोस्ट लिहिली होती, परत त्या वाटेला जात नाही. ग्रंथपाल काकांचा पगार मात्र त्यांना कधी विचारू नका.

इमारतीपुरतं बघायचं तर बडोद्याच्या सयाजीरावांची रीत मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते. हा राजा मूळ मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा. १९१० साली त्याने अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि गावोगाव वाचनालयं काढली. नियम सोपा होता. गावाने एक हिस्सा जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. ज्या गावाने स्वतःच्या खिशात हात घातला, ते गाव वाचनालय बंद पडू देत नाही.

आमच्या इमारतीतही लोकवर्गणी आहे. बाजार समितीच्या हमालांनी दिलेले पैसे आहेत, मी पावत्या बघितल्या आहेत. म्हणून अधिकाराने तीन गोष्टी सांगतो.

पहिली वजनाची. मूळ बेत असा होता की खाली वाचनकक्ष, वर पुस्तकं. पुस्तकं जड असतात हो! साध्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या हिशेबाने धरतात. पुस्तकांच्या रॅकसाठी तोच आकडा कमीत कमी सहाशे किलो. मी इंजिनिअर साहेबांना विचारलं, त्यांनी नकाशा काढला, थोडा वेळ गप्प राहिले आणि रॅक तळमजल्यावर घ्या म्हणाले. कमिटीने लगेच मान्य केलं, याबद्दल त्यांचं कौतुक.

दुसरी ओलीची. नव्या भिंतींनी महिनोन् महिने पाणी प्यायलेलं असतं. प्लास्टर वरून कोरडं दिसतं, आत ओल असते. रॅक भिंतीला चिकटवून ठेवले तर पहिल्या पावसाळ्यातच बुरशी धरणार. वितभर अंतर ठेवा, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला मात्र पडदा पाहिजे, आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन कागदाला भाजून काढतं. आणि आपली काळी जमीन, म्हणजे वाळवी आलीच. पाया भरताना औषध मारलं होतं की नाही, हे मला दोघांनी दोन वेगवेगळं सांगितलं. आताच तपासून घ्या, फीत कापल्यावर नको.

तिसरी गोष्ट त्या तिसऱ्या ढिगाची, आणि तिच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

२०२३ साल आठवा. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तहसीलच्या तळघरांतून दप्तरं बाहेर निघाली. नोंदी कशात? उर्दूत आणि मोडीत. तेव्हा अख्खं प्रशासन ‘उर्दू वाचणारा द्या, मोडी वाचणारा द्या’ म्हणत फिरत होतं. हैदराबादपर्यंत माणसं गेली. त्या नोंदींवर कुणाचं काय मत आहे, तो वेगळा विषय, इथे कमेंटमध्ये भांडू नका. मी बातमीदार म्हणून त्या दिवसांत तहसीलच्या व्हरांड्यात उभा होतो. आपल्या पणजोबाचं नाव कागदावर आहे, पण आपल्याला वाचता येत नाही, अशा माणसांचे चेहरे मी बघितले आहेत. एका म्हाताऱ्या बाबांनी तो कागद माझ्यापुढे धरला. मी शिकलेला दिसतो म्हणून. मला मान हलवावी लागली.

आणि आता आपण त्याच लिपीतली रजिस्टरं रद्दीत टाकायला निघालोय. मोडीतली ती दोन रजिस्टरं कसली आहेत, हे कमिटीत कुणालाच सांगता आलं नाही. वाचनालयाच्या सभासदांची असतील, वर्गणीची असतील, कदाचित किराणा दुकानाची असतील. पण वाचल्याशिवाय फेकायची?

मी कमिटीला भेटलो. आवाज चढवला नाही, त्यांनीही चढवला नाही. ‘‘ठेवायला जागा दाखवा,’’ ते म्हणाले. मी जिन्याखालची जागा दाखवली, जिथे उद्घाटनानंतर जुन्या खुर्च्या कोंबायचा बेत आहे. तिथे दोन लोखंडी कपाटं बसतात, टेपने मोजली. एका कपाटाचे पैसे मी देतो म्हणालो. दुसऱ्याचे मास्तरसाब देतो म्हणाले, पेन्शनमधून. मग कमिटीतल्या ज्यांनी ‘वाचतंय कोण’ विचारलं होतं, तेच म्हणाले, ‘‘सरांकडून कशाला घेता, माझ्याकडून घ्या.’’ पण अट घातली. नुसता ढीग ठेवायचा नाही. प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, साल देवनागरीत लिहून यादी झाली पाहिजे. ज्याची यादी होईल ते राहील, बाकीचं नियमाप्रमाणे निर्लेखनाला जाईल. पुढच्या सोमवारपर्यंत मुदत. अट मला पटली. यादी नसलेलं पुस्तक कपाटात असून नसल्यासारखंच.

मास्तरसाबांनी एकट्याने काल बासष्ट पुस्तकं केली. ते वाचून सांगतात आणि मी लिहून घेतो. त्यांचं वय सत्त्याहत्तर आहे, धुळीने खोकला येतो, पण थांबत नाहीत. अजून साडेतीनशेच्या आसपास बाकी आहेत. औरंगाबादेत छापलेली आतापर्यंत अकरा निघाली.

म्हणून विनंती. ज्यांना उर्दू वाचता येतं त्यांनी रविवारी सकाळी नऊला जुन्या जागेत या. शाळेतली पोरं-पोरीही चालतील, मास्तरसाब बाजूला बसवून घेतील. मोडी वाचणारं एक जरी माणूस मिळालं तरी उपकार होतील, शहरातून येणार असाल तर जाण्यायेण्याचं मी बघतो. ज्यांना दोन्ही येत नाही त्यांनी लिहायला, पुसायला आणि उचलायला या. येताना तोंडाला बांधायला रुमाल आणा, एक जुनं सुती फडकं आणा. ओलं नको. चहा कमिटीकडून आहे.